आधी दुरुस्त केलं, मग बंद पाडलं

2024 ची चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. त्याच्या बरोबर नऊ दिवस आधी आमचं वॉशिंग मशीन पाणी सोडेनासं झालं. आत घरातले सगळे पडदे, काचेच्या दारामागे गढूळ पाणी, आणि पाणी असेपर्यंत तो दरवाजा काही केल्या उघडत नाही. देवगडकडच्या पावसात कपडे वाळवणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. मशीनने पिळून दिलं तरी दोन दिवस पडवीत लटकतात. त्यात मुंबईहून अकरा माणसं येणार. ही दिवसातून चारदा विचारायची, "काय झालं मशीनचं?"

आमच्या नाक्यावर मोटार वायंडिंग करणारा एकजण आहे, तो मशीनही बघतो. पण चतुर्थीच्या आधी त्याला गाठणं म्हणजे भटजींना गाठण्याइतकंच कठीण. "येतंय गुरुजी" म्हणाला आणि तीन दिवस आला नाही. म्हणून मी मोबाइलवर कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं टाकून शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. वॉरंटी कार्डावर आणि मशीनच्या स्टिकरवर कंपनीचा खरा नंबर छापलेला होता. कार्ड ट्रंकेत होतं आणि स्टिकर बघायला वाकावं लागलं असतं, एवढंच.

पलीकडची बाई गोड बोलली. नाव, गाव, मशीन कुठल्या कंपनीचं, बस. मॉडेल नंबर विचारला नाही, कधी घेतलं ते विचारलं नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मग म्हणाली, नोंदणीचे 10 रुपये भरायला लिंक पाठवते, त्यातून एक ॲप घ्या. मला ते जमलं नाही. जमलं असतं तर ही हकिकत याहून मोठी झाली असती, कारण असल्या ॲपमधून आपल्या मोबाइलचा पडदा समोरच्याला दिसतो आणि मग बँकेत काही उरत नाही. "राहू दे काका, माणूस आला की त्याच्याकडे द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माणूस आला. कंपनीचा टी-शर्ट, पाठीला बॅग. "काका" म्हणून वाकून नमस्कारही केला. मशीनकडे बघून म्हणाला, "मेन स्विच बंद करून या, आणि एक बादली आणा." मेन स्विच आमच्या ओटीवर, मशीन मागच्या पडवीत. मी बादली शोधून परत येईपर्यंत सात-आठ मिनिटं गेली असतील. आलो तर पडवी ओली, दरवाजा उघडा, पडदे बाहेर. मला केवढं बरं वाटलं! म्हटलं, माणूस हुशार आहे. तो म्हणाला, "पाणी हाताने काढलंय. पण तुमचा बोर्ड, मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, उडालाय. व्होल्टेज वरखाली होतं ना इथे?"

होतं. श्रावणभर आमच्याकडे दिवे मिचमिचतात. खोटं असं बोलावं की ऐकणाऱ्याने स्वतःहून पुरावा द्यावा. मीच त्याला सांगितलं की गेल्या आठवड्यात फ्रीजचा स्टॅबिलायझरही गेला.

त्याने वरचं झाकण काढून बोर्ड सोडवला, बॅगेत घातला. जुना कंपनीत जमा करावा लागतो म्हणे. नवा 6,850 रुपये, त्यातले 3,000 आगाऊ, शिवाय व्हिजिटचे 350. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "18 टक्के वर पडतील काका, तुमचं कशाला नुकसान?" माझ्या नुकसानीची त्याला फार काळजी. पैसे मोबाइलवरून गेले ते कंपनीला नाहीत, कुणा भलत्याच माणसाच्या नावावर.

आता त्याची करामत बघा. बोर्ड काढून नेला म्हणजे मशीन खरोखरच मेलं. मी लावून बघू शकत नव्हतो, दुसऱ्याला दाखवू शकत नव्हतो. दोन दिवसांनी त्याने 'नवा' बोर्ड बसवला, मशीनने झरझर पाणी सोडलं, मी उरलेले 3,850 दिले आणि वर हिने त्याला करंज्या बांधून दिल्या.

दिवाळीच्या आधी मागचं अंगण साफ करताना कढीपत्त्याच्या बुंध्याशी एक वाळका गोळा सापडला. दोऱ्यांचा गुंता, दोन रुपयांचं नाणं, ब्लाउजचा हूक, नातीची केसांची पिन. टाकून दिला. काही सुचलं नाही.

जानेवारीत मशीन पुन्हा तसंच अडलं. या वेळी नाक्यावरचा आला. खाली उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढी झडप असते, ती मला पाच वर्षांत दिसली नव्हती. ती उघडून त्याने खाली परात सरकवली, आतलं जाळीचं गोल बूच डावीकडे हळूहळू फिरवलं. पाणी आलं, आणि मागोमाग तसाच गोळा! कढीपत्त्याखालचा गोळा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

मी बोर्डाचं सांगितलं तर तो हसायला लागला. "गुरुजी, बोर्ड जळलो असतो तर पाणी जाणा नाय म्हणान कोड दाखवल्यान कोणी?" कोड म्हणजे बिघाड झाला की मशीनवर उमटणारी अक्षरं. त्याने झाकण काढून टॉर्च मारला. बोर्डावरच्या चिठ्ठीवर 2019 साल. मशीन घेतलं तेच साल. माझाच बोर्ड दोन दिवस फिरून आला होता. बोर्डावरचा पंपाचा भाग कधी कधी खरंच जातो, असंही तो म्हणाला, पण तिकडे वळायच्या आधी ही जाळी, मग पंपाचं पातं हाताने फिरतं का, मग बाहेरचा पाइप कुठे मुडपलाय का, हे बघायचं. आणि पाणी भरतच नसेल तर मागे नळाचा पाइप जोडतो तिथली बारीक जाळी. आमच्या विहिरीच्या पाण्याने ती पावसाळ्यात लाल मातीने गच्च होते. 200 रुपये घेतले.

मी कंपनीच्या खऱ्या नंबरवर फोन केला. माझ्या मोबाइलवरून तिथे तक्रारच नोंदलेली नव्हती. खरी नोंद झाली की क्रमांकाचा मेसेज येतो, म्हणाले. त्या माणसाचा फोन बंद. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला सांगितलं, त्यांनी बिल मागितलं. माझ्याकडे वहीतल्या कागदावरची चिठ्ठी, तीही बिनसहीची. 1930 हा ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीचा नंबर, तिथे पैसे गेल्या गेल्या कळवलं तर रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. मी साडेचार महिन्यांनी जागा झालो होतो. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली.

कंपनीचा नंबर आता मी मशीनवरच जाड अक्षरांत लिहून ठेवलाय. आणि दर महिन्याला प्लग काढून, गरम पाण्याची धुलाई नसेल तेव्हा, परात घेऊन बसतो. गेल्या वेळी माझ्याच शर्टाची दोन बटणं निघाली. ही म्हणाली, "बोर्ड बदलायला हवा."