सर्कसवाल्याला रान देताय? आधी माझा उंट ऐका

पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आमचं रान आहे, अगदी डांबरी रस्त्याला लागून, त्यामुळं यात्रेला पार्किंगला म्हणा, पाळणेवाल्यांना म्हणा, कुणी ना कुणी मागायला येतंच आणि आजवर कुणी एक रुपया बुडवला नव्हता. 2025 च्या फेब्रुवारीत बुडवला. वर बुडवणाऱ्यानं जाताना माझ्या गोठ्यात उंट बांधला. हसा, अख्खं गाव हसलंय, पण तुमच्या बांधावर असा कुणी आला तर निदान माझी आठवण व्हावी म्हणून लिहितोय.

ऊस तुटून गेलेला, खोडवा ठेवायचा नव्हता, दीड एकर मोकळं पडलेलं. मॅनेजर आला तो हातात नारळ घेऊनच. टेकल्या टेकल्या म्हणतो, "दादा, अंकलखोपच्या शेजारी तंबू लावायचा म्हणजे आमच्यासाठी पंढरीच की." झालं, आबा तिथंच विरघळले. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे, कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडं घोडी सांभाळणारा माणूस, मुंबईत इटालियन सर्कस बघितली, त्या साहेबानं हिणवलं की तुमच्या लोकांना हे जमायचं न्हाई, आणि गड्यानं 1880 ला स्वतःची सर्कस उभी करून दाखवली. हे आबांनी मला लहानपणापासून शंभरदा तरी सांगितलंय. मग म्हैसाळची देवल सर्कस निघाली, मग चहा निघाला, दुसऱ्या चहाला पोहे निघाले आणि भाड्याची बोलणी निघेपर्यंत तो घरचाच माणूस झालेला. लोक पैशाला भुलतात, आम्ही गावाच्या नावाला भुललो.

ठरलं काय, तर रोजचे दीड हजार, वीस दिवस, म्हणजे तीस हजार. ॲडव्हान्स तीन, बाकीचे उठताना. कागद त्यानंच आणला, 100 च्या स्टॅम्पवर. आता करार 500 च्या स्टॅम्पवर होतो, ऑक्टोबर 2024 पासून, हे मला माहीत होतं हो! सोसायटीच्या कामाला मीच 500 चा आणलेला. पण म्हटलं जुना असंल, घरातल्या माणसाला काय विचारायचं. ग्रामपंचायतीचा दाखला, पोलिसांची परवानगी, सगळं "उद्या देतो" वर.

सर्कस मात्र बरी होती, खोटं कशाला बोलू. वाघ सिंह नाहीत, त्यांचे खेळ 1998 च्या आदेशानं बंद झाले आणि 2001 ला सुप्रीम कोर्टानं पण ते उचलून धरलं. मग सायकलवाल्या पोरी, एक जोकर, दोन कुत्री आणि हा उंट. आबा पहिल्या ओळीत, रोज, फुकट पास.

सतराव्या दिवशी मॅनेजर रडवेलं तोंड करून आला. गल्ला नाही, पुढचा मुक्काम कराडला, तिथं बुकिंग झालंय, चार दिवसात पैसे आणून देतो, तोवर राजाला तारण ठेवा. राजा म्हणजे उंट. "लाखाचं जनावर हाय दादा, पोटच्या पोरागत वाढवलंय," आणि उंटाच्या गळ्यात पडून रडला पण. बायको आतनं म्हणाली, "अहो, म्हस तरी मागा, दूध तरी निघंल." ऐकायला पाहिजे होतं.

चार दिवस गेले, आठ गेले, फोन बंद. राजा खातोय. पहिल्या दिवशी बांधावरची शेवरी संपवली, मग कडुलिंबाचा शेंडा, मग कडबा, तो संपल्यावर विकत आणला. एकदा दोरीवरचं माझं धोतर, म्हणजे आबांचं, निम्मं चावून परत सोडलं, बहुतेक आवडलं नसावं. म्हशी बुजल्या, एक तर दुधाला आटली. शाळेतले गुरुजी पोरांना रांगेनं घेऊन आले, पोरांनी वहीत उंटाचं चित्र काढलं, आणि मी मागं उभा राहून पेंड्या मोजतोय.

तेराव्या दिवशी टेम्पोतनं एक माणूस उतरला, मोबाईलवर फोटो दाखवला, लांबनंच हाक मारली आणि आमचा राजा पाय दुमडून खाली बसला. मला तेरा दिवसात एकदा बसला नव्हता. उंट त्याचाच! यात्रेत पोरांना फिरवायचा, सर्कसला महिन्यानं भाड्यानं दिलेला आणि भाडं त्याचं पण बुडलेलं. मी कडब्याचा हिशोब काढला, त्यानं टेम्पोच्या डिझेलचा काढला. शेवटी दोघांनी मिळून चहा घेतला. बायकोनं राजाला शेवटची पेंडी चारली आणि पदर डोळ्याला लावला, हे काही मला कळलं नाही.

ठाण्यात साहेबांनी तक्रार घेतली, "तारण काय होतं" विचारलं आणि उत्तर लिहिताना मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. स्टॅम्पवरच्या पत्त्यावर सोलापुरात एक मंगल कार्यालय निघालं.

पैसे गेले ते गेले, पण तंबूच्या लोखंडी मेखा, हातभर लांब, घाईघाईत तशाच जमिनीत सोडून गेलेत. रोटर घातला तर पहिल्याच फेरीत खाडकन आवाज, तीन पाती मोडली, ट्रॅक्टरवाला खाली उतरून माझ्याकडंच बघायला लागला. आता आबा रोज सकाळी काठी टोचत रान फिरतात, लागली की हाक मारतात, मी कुदळ घेऊन जातो. काल निघाली ती बाविसावी.