उद्यमनगरी बनावटीचा चाळीस फुटी टॉवर : एक पावसाळा आणि एका काँटेस्टनंतर

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून मी हॅम रेडिओसाठी, म्हणजे परवाना काढून छंद म्हणून चालवायच्या रेडिओ स्टेशनसाठी, अँटेना उंच न्यायला चाळीस फुटी टॉवर करून घेतला. पायथ्याशी बिजागरी असलेला, जमिनीवर आडवा करता येणारा. त्याच्यावरून २०२५चा अख्खा पावसाळा गेला आणि ऑक्टोबरमधली सीक्यू वर्ल्ड वाइड फोन काँटेस्टही मी त्याच्याच भरवशावर खेळले, म्हणून आता लिहिते. वर्कशॉपच्या मालकांना नाव छापलेलं नको आहे, उसाच्या ट्रॉल्यांचंच काम त्यांना पुरून उरतं. मी त्यांना मिस्त्रीकाका म्हणते, इथेही तेच चालू ठेवते.

निकाल आधीच सांगते. स्टेशनवर आजवर जेवढा पैसा घातला, त्यात याच्याइतका सार्थकी लागलेला दुसरा नाही. एवढ्या पैशात मध्यम प्रतीचा नवा आयात ट्रान्सिव्हरसुद्धा (बोलायचा-ऐकायचा रेडिओ) आला नसता. आणि तरीही आपल्याकडे नवा परवाना मिळालेला माणूस पहिल्यांदा रेडिओच्या किमती बघतो, मग माइक, मग हेडफोन. अँटेना उरलेल्या पैशात गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला बांधला जातो. हे उलटं व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

जगातल्या निवडक काँटेस्टरांची वर्ल्ड रेडिओस्पोर्ट टीम चॅम्पियनशिप १९९०मध्ये सिअॅटलला सुरू झाली. त्यातली एक २०२३च्या जुलैत इटलीतल्या बोलोन्याला झाली. ऑपरेटरचं कसब तेवढं मोजायचं, म्हणून आयोजक प्रत्येक टीमला सारखाच टॉवर, सारखाच अँटेना आणि होता होईल तितकी सारखी जमीन देतात. रेडिओ मात्र ज्याचा त्याने आणायचा. फरक कशाने पडतो हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक आहे.

ज्यांनी काँटेस्ट ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सीक्यू वर्ल्ड वाइड फोन काँटेस्ट ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते. सलग ४८ तास, आपल्या घड्याळाने शनिवारी पहाटे साडेपाचपासून सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंत. २०२५ला भाऊबीज गुरुवारी आणि काँटेस्ट शनिवारी, त्यामुळे फराळाचा डबा रेडिओशेजारीच होता. जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायचं आणि प्रत्येकाला सिग्नलचा अहवाल व आपला झोन (जगाच्या आखलेल्या विभागांतला आपला विभाग) सांगायचा. भारत २२व्या झोनमध्ये येतो, म्हणून दिवसभर तोंडात एकच, ‘फाइव्ह नाइन, टू टू’. दुसऱ्या खंडातलं स्टेशन मिळालं तर तीन गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाचं मिळालं तर एक. आपल्याच देशातलं स्टेशन गुण देत नाही, पण मल्टिप्लायर म्हणून उपयोगी पडतं. प्रत्येक बँडवर, म्हणजे तरंगलांबीच्या ठरलेल्या पट्ट्यावर, जितके देश आणि झोन मिळतील, त्या बेरजेने गुणांना गुणायचं.

या नियमांत आपल्या जागेचा फायदा दडलेला आहे. सकाळी १० आणि १५ मीटर बँडवर ईशान्येकडून जपानी स्टेशनं धो धो येतात, पण जपान आशियातच असल्याने गुण एकेकच. दुपारनंतर वायव्येकडे युरोप उघडतो आणि तिथल्या प्रत्येकाचे तीन. युरोपमध्ये हजारो स्टेशनं काँटेस्टला बसलेली असतात आणि त्यांना २२वा झोन हवा असतो. फक्त आपला सिग्नल तिकडे बऱ्यापैकी पोहोचायला पाहिजे.

तो पोहोचण्यात उंचीचा वाटा किती, हे मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते म्हणून आकड्यांत सांगते. आडव्या अँटेनाचा मुख्य झोत जमिनीपासून किती कोन करून निघतो, हे सपाट जमिनीसाठी सोप्या सूत्राने काढता येतं. तरंगलांबीला उंचीच्या चौपटीने भागायचं, येईल ती त्या कोनाची साइन. माझा हेक्सबीम, म्हणजे एका दिशेने झोत टाकणारा षटकोनी अँटेना, आधी गच्चीवर सात मीटरवर होता. तेव्हा २० मीटर बँडवर कोन येत होता ४९ अंश, १५ मीटरवर ३० आणि १० मीटरवर २२. टॉवरवर तोच अँटेना बारा मीटरच्या थोडा वर गेला आणि कोन झाले सुमारे २६, १७ आणि १२ अंश. झोत जितका जमिनीलगत, तितकी आयनोस्फिअरवरची एकेक उडी लांब. उड्या कमी म्हणजे वाटेतली गळतीही कमी.

गच्चीवरचा जुना डायपोल (साधा तारेचा अँटेना) मी मुद्दाम ठेवलाय. संध्याकाळी २० मीटरवर युरोपातलं एखादं स्टेशन धरायचं आणि स्विच इकडून तिकडे फिरवायचा. रेडिओच्या सिग्नल मीटरवर दीड-दोन एस पॉइंटचा, म्हणजे दीड-दोन घरांचा, फरक पडतो. त्यातला काही भाग हेक्सबीमच्या एका दिशेने झोत टाकण्याचा आहे, बाकीचा उंचीचा.

आता प्रत्यक्ष टॉवरबद्दल. तिकोनी जाळीचा, दहा-दहा फुटांचे चार तुकडे, एक इंची बी क्लास पाइपचे तीन पाय आणि मध्ये वळवलेल्या सळीची नागमोडी. एकट्याने एक तुकडा उचलता येतो. वेल्डिंग इतकं स्वच्छ की मी भिंग घेऊन बघितलं. काकांनी आयुष्यभर ट्रॉलीचे सांगाडे जोडलेत, ओझ्याखाली जोड कुठे फाटतो हे त्यांच्या हाताला माहीत आहे. प्रत्येक पाइपला दोन्ही टोकांशी भोकंही पाडलेली होती. टॉवर सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवायचा असतो. पाइप बंद असेल तर आतली हवा आणि ओल फुगून पाइप फुटू शकतो, बुडवणारा माणूस जिवानिशी जाऊ शकतो. मला ही भोकं सांगावी लागली नाहीत.

हॉट डिप गॅल्व्हनायझिंगचा हट्ट मात्र मी धरला होता. सिल्व्हर रंग मारून देणारे पुष्कळ आहेत आणि तो स्वस्तही पडतो. पण पाइपच्या आतून लागणारा गंज रंगाने थांबत नाही, दिसतही नाही. जस्ताच्या कढईत पाइप आतून-बाहेरून न्हाऊन निघतो. हा खर्च किलोवर असतो आणि तो वाचवू नये.

सगळ्यात जास्त कौतुक मला बिजागरीचं आहे. टॉवरच्या पायथ्याशी एक जाड पिन, चारी बाजूंना स्टे वायर, हॅम मंडळी जिला गाय वायर म्हणतात ती. टॉवर खाली घेताना समोरची स्टे सोडायची आणि चेन पुलीने हळूहळू आडवा करायचा. त्या वेळी डावी-उजवीकडची स्टे मात्र ताठ राहिली पाहिजे, नाहीतर टॉवर बाजूला कलंडतो. यासाठी त्या दोन बाजूंचे अँकर (तार जमिनीशी जिथे बांधतात ते) बरोबर बिजागरीच्या पिनेच्या रेषेत आणि तिच्याच उंचीवर लागतात. मग टॉवर कुठल्याही कोनात असो, त्या दोन तारांची लांबी बदलत नाही.

आमचं घर कृष्णाकाठी शेताच्या कडेला, जागा पूर्वेकडे उतरती. काका जागा बघायला आले, पाण्याची नळी धरून लेव्हल काढली आणि म्हणाले, ‘मॅडम, खालच्या अंगाला नुसता हुक गाडून चालायचं न्हाई. तितं खांब उभा करून अँकर वर घ्यायला पायजे, न्हाईतर आडवा करताना ह्या अंगाची तार ढिली पडंल आणि वरच्या अंगाची तुटंल.’ परदेशी टॉवरांबरोबर येणाऱ्या पुस्तिकांत हेच सांगायला आकृत्या काढलेल्या असतात. काकांनी ते उभ्या उभ्या सांगितलं. खांब कमरेइतका निघाला.

पायाच्या बाबतीतही त्यांनी घाई करू दिली नाही. आमची माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात ओतलेला अँकर दरवर्षी थोडा हलणार. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं आणि मगच काँक्रीट. खणणाऱ्या गड्यांनी कुरकुर केली, पण पावसाळ्यानंतर मी चारही तारांचा ताण तपासला तेव्हा टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) जेमतेम एखादा आटा फिरवावा लागला. तारेच्या तुटण्याच्या ताकदीच्या साधारण १० टक्के ताण सुरुवातीला द्यायचा, हा प्रघात मी पाळते. विजेच्या खांबांच्या स्टेला असतात तसले चिनी मातीचे अंडाकृती इन्सुलेटर घालून तारांचे तुकडे केलेत, म्हणजे कुठलाच तुकडा आपल्या बँडवर अनुनादात येऊन अँटेनाचा झोत बिघडवत नाही. इन्सुलेटरमध्ये दोन्ही तारांचे फास एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे चिनी माती फुटली तरी स्टे सुटत नाही.

आता तक्रारी. पहिली वेळेची. मी डिसेंबरात ऑर्डर दिली, म्हणजे ऐन गळीत हंगामात. मोडलेली ट्रॉली दारात आली की बाकीचं काम बाजूला पडतं, कारण तोडलेला ऊस थांबत नाही. ‘मंगळवारी देतो’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आणि टॉवर एप्रिलमध्ये मिळाला. दुसरी, गॅल्व्हनायझिंगचे ओघळ जोडांच्या आत राहिले होते. तुकडे एकमेकांत बसेनात, कानशीने घासावे लागले, आणि घासलं की तिथलंच जस्त जातं. त्यावर झिंकचा स्प्रे मारला, पण तो मूळच्या थराची बरोबरी करत नाही. बुडवून आणल्यावर वर्कशॉपमध्येच एकदा पूर्ण टॉवर जुळवून बघायला हवा होता. तिसरी गंभीर आहे. उभारणीला आलेल्या मुलांनी तारेचे काही क्लॅम्प उलटे लावले. क्लॅम्पचं खोगीर ओढ घेणाऱ्या तारेवर बसलं पाहिजे आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटीवर. उलटं केलं तर यू-बोल्ट मुख्य तारेला चेमटवतो आणि ताकद घटते. काकांना दाखवल्यावर त्यांनी सगळे खोलून घेतले, एक शब्द न बोलता. तरी हे घेणाऱ्याने स्वतः तपासावं, वर्कशॉप कितीही भरवशाचं असलं तरी.

रोटेटरसाठी, म्हणजे अँटेना फिरवणाऱ्या मोटरसाठी, वरच्या तुकड्यात केलेली प्लेट आणि तिच्यावरचं चार बोल्टांचं फ्लँज बेअरिंग उत्तम. अँटेनाचं वजन बेअरिंग घेतं, रोटेटरला फक्त फिरवायचं काम राहतं. केबल लांबली, हा उंचीचा तोटा. तीस मीटर आरजी-२१३ जातीच्या केबलमध्ये १० मीटर बँडवर साधारण एक डेसिबल जातो. उंचीने जे मिळतं त्यापुढे मी तो सोसते.

काँटेस्टच्या वीकेंडला २५व्या सौरचक्राचा (सूर्यावरच्या डागांच्या चढउताराचा) बहर, ज्यात १० मीटर बँड चांगला चालतो, अजून ओसरलेला नव्हता. शनिवारी दुपारी हेक्सबीम वायव्येला वळवला, १० मीटरवर मोकळी जागा शोधून हाक दिली आणि युरोप अंगावर आला. इटली, पोलंड, जर्मनी, युक्रेन, एकावर एक आवाज. त्या गर्दीतून दोन अक्षरं पकडायची, ती परत म्हणायची, पूर्ण कॉलसाइन (स्टेशनची अक्षर-आकड्यांची ओळख) घ्यायचा, लॉग करायचा, पुढचा. गच्चीवरच्या अँटेनाने मी लोकांना हाका मारत फिरायची. आता एका जागी बसले होते आणि लोक माझ्याकडे येत होते. जनरल ग्रेडच्या परवान्यावर मला ४०० वॉटची मुभा आहे, मी १००च वापरले. संध्याकाळी २० मीटरवर उत्तर ध्रुवावरून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची स्टेशनंही पहिल्या हाकेला परत आली. इतकी वर्षं ज्यांना नुसतं ऐकत होते, ते माझा कॉलसाइन बिनचूक म्हणत होते, आणि मी मोठ्याने हसत होते.

पावसाळ्याचंही सांगते. वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की केबल काढून अर्थला जोडते. जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल तर आभाळ वाजायच्या आधीच टॉवर आडवा करते. एक माणूस चेन पुलीवर, एक बाजूच्या तारांवर लक्ष ठेवायला. परत उभा करताना टॉवर जमिनीवरून सुटतो त्या पहिल्या क्षणी सगळ्यात जास्त ओढ येते, तेव्हा खाली कोणीही उभं राहू नये, कुत्रंसुद्धा. वर चढावं लागत नाही, ही या टॉवरची माझ्या लेखी सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. आपल्या छंदात टॉवरवर चढण्याइतकं धोक्याचं काम दुसरं नाही. शिवाय मला अँटेनाचा नट घट्ट करायला कोणाची वाट बघावी लागत नाही.

शहरात बंदिस्त गच्ची असणाऱ्यांसाठी हा टॉवर नाही. चाळीस फुटांना चारी बाजूंना तीस-बत्तीस फुटांवर अँकर लागतात. आणि किनाऱ्याकडचे असाल तर हेच डिझाइन जसंच्या तसं उचलू नका. इमारतींच्या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ धरलेला आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तिकडे सव्वापटीहून जास्त. तार, अँकर आणि पाइप सगळंच त्या हिशोबाने करून घ्यावं.

मार्चमध्ये गळीत संपून कारखान्यांचे पट्टे पडले की ४० मीटर बँडच्या अँटेनासाठी मी काकांकडे दुसरा टॉवर सांगणार आहे. बिजागरी हीच, जोड गॅल्व्हनायझिंगनंतर वर्कशॉपमध्ये जुळवून बघायचे, आणि क्लॅम्प लावताना मी स्वतः पान्याशेजारी उभी राहणार. काकांना हे तिन्ही आधीच सांगून ठेवलंय. ‘या की,’ म्हणाले, ‘फक्त उसाच्या दिवसांत नको.’