दोन वर्षांची गाडी आणि जॉब कार्डांची जाड फाईल

माझ्या गाडीच्या सर्व्हिस सेंटरला पाचपैकी दोन तारे देते आहे, आणि ते दोन्ही तिथल्या एका तरुण टेक्निशियनचे आहेत. सेंटर कंपनीचं अधिकृत, उत्तर गोव्यातलं. नाव लिहीत नाही.

गाडी पेट्रोलची, छोटी एसयूव्ही, दोन वर्षांपूर्वी नवी घेतलेली. वॉरंटी तीन वर्षांची. मी साखळीला शिक्षिका आहे. सासऱ्यांना हृदयाच्या तपासणीसाठी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, न्यावं लागतं, मुख्यतः त्यासाठीच गाडी घेतली. पहिल्याच पावसाळ्यात बाणस्तारीच्या पुलाजवळ इंजिनचा पिवळा दिवा पेटला आणि पिकअप गेला. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी रांगत होती, मागे टिप्पर हॉर्न वाजवत होता आणि शेजारी सासरे छातीवर हात ठेवून बसले होते. बंद करून पुन्हा चालू केली, तर काही झालंच नाही अशी चालायला लागली.

याला लिंप मोड म्हणतात. सेन्सरकडून चुकीचा सिग्नल आला की इंजिनचा कॉम्प्युटर जपून वागतो आणि ताकद कमी करतो. म्हणजे दिवा हा आजार नव्हे, लक्षण. सेंटरने मात्र दर वेळी लक्षणावरच इलाज केला. स्कॅनर जोडायचा, कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड पुसायचा, गाडी धुऊन परत द्यायची. जॉब कार्डावर, म्हणजे तक्रार आणि केलेलं काम नोंदवायच्या कागदावर, लिहायचं ‘जनरल चेकअप, दोष आढळला नाही’. दिवा परत पेटला की नवा पार्ट. आधी ऑक्सिजन सेन्सर, मग थ्रॉटल बॉडी, मग बॅटरी ‘वीक’ निघाली. पहिले दोन वॉरंटीत झाले, बॅटरीचे पैसे माझ्याकडून घेतले. प्रत्येक वेळी काउंटरवरचा सल्लागार वेगळा, आणि मागची कार्डं उघडून बघायची तसदी एकानेही घेतली नाही. हे मला सर्वांत जास्त लागलं. कार्डं शेजारी शेजारी ठेवली असती तर गाडी फक्त पावसातच बिघडते, हे कोणाच्याही लक्षात आलं असतं.

कोड पुसण्याचं एक नुकसान फार थोड्यांना माहीत असतं. दोष येतो त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) किती होता याची नोंद कॉम्प्युटर कोडसोबत ठेवतो. कोड पुसला की तीही जाते. म्हणून नंतर मी काउंटरवर सांगायला लागले: आधी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो द्या, मग काय ते पुसा. जॉब कार्डावर तक्रार माझ्या शब्दांत लिहिल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, हेही ठरवलं. सल्लागार नाराज व्हायचे. होऊ देत.

शेवटी एका भर पावसाच्या दुपारी गाडी त्या तरुण टेक्निशियनच्या हाती पडली. त्याने आधी माझी सगळी कार्डं वाचली. मग वायपरखालचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. खाली आंब्याची पानं कुजून पाणी जायचं भोक बुजलं होतं आणि साचलेलं पाणी ठिबकत होतं थेट एका वायरिंगच्या कनेक्टरवर. ‘टीचर, हें पळयात,’ म्हणत त्याने कनेक्टर उघडून दाखवला. आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. इंजिन चालू ठेवून त्याने ती वायर हलवली, आणि दिवा पेटला! मला तिथेच रडू आलं. इतके महिने मी सांगत होते ते खरं होतं.

त्यावर मॅनेजरचं म्हणणं, पाणी बाहेरून आलं, हे वॉरंटीत बसत नाही. मी पहिल्या पावसाळ्यातलं कार्ड पुढे केलं. हीच तक्रार, तारखेसह. कनेक्टर फुकट बदलला.

तसं झालं नसतं तर ग्राहक आयोगात जायची तयारी होती, म्हणून जे वाचलं ते सांगते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत. 10 ते 20 लाखांच्या गाडीला शुल्क 400 रुपये. आधी 1915 या हेल्पलाइनवर नोंदवता येते. मात्र नवी गाडीच बदलून मिळेल, ही आशा फार धरू नये. पार्ट बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच म्हटलंय. उत्पादनातच दोष आहे म्हणायचं तर बहुधा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. तोवर हातात असतात ती जॉब कार्डं.

आपल्याकडे गाड्या झाडाखालीच उभ्या असतात. जूनच्या आधी वायपरखालची पानं काढायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. सेंटरच्या मान्सून चेकअपच्या यादीत ते नव्हतं, आणि गोव्यात ते नसावं याचा मला खरोखर राग आहे.

त्या दुपारनंतर दिवा पेटलेला नाही. बॅटरी विनाकारण बदलली, तिचे पैसे परत द्या, असा ईमेल मी मॅनेजरला केला आहे. उत्तर अजून नाही. पैसे आले तर तिसरा तारा देईन.