सेल्युसिड फौज: कॅटाफ्रॅक्ट घ्यावेत की कम्पॅनियन?

‘रोम: टोटल वॉर’ या संगणक-खेळात सेल्युसिड (अलेक्झांडरनंतरचं पश्चिम आशियातलं ग्रीक राज्य) घेतले की शत्रू चहूबाजूंनी आणि खजिन्यावर सतत ताण. जड घोडदळावर खर्च करायचा तर कुठल्या, चिलखतात मढलेल्या कॅटाफ्रॅक्ट स्वारांवर की चपळ कम्पॅनियन स्वारांवर, हा प्रश्न रास्त आहे.

पहिली धडक दोघांचीही जबर. खरा फरक त्यानंतर दिसतो. कॅटाफ्रॅक्टच्या हातात गदा येते आणि चिलखती शत्रूवर ती तलवारीपेक्षा कितीतरी भारी पडते. घोड्यालाही चिलखत, त्यामुळे हा गडी गर्दीत अडकला तरी टिकतो. पण चाल संथ. कम्पॅनियन चपळ: वळसा, पाठीत धडक, माघार, पुन्हा धडक.

इतिहासातही हे दिसतं. पॅनियमच्या लढाईत (इ.स.पू. २००) सेल्युसिड राजा तिसऱ्या अँटिओकसच्या कॅटाफ्रॅक्टांनी इजिप्तच्या टॉलेमीचं घोडदळ उधळलं. टिग्रानोसर्टाच्या लढाईत (इ.स.पू. ६९) मात्र रोमन सेनापती ल्युकुलसचं पायदळ टेकडीवरून तुटून पडलं आणि आर्मेनियाच्या कॅटाफ्रॅक्टांची दाणादाण उडाली. हलायला उसंत मिळाली नाही, की चिलखत कामाला येत नाही.

भाल्यांच्या फळीवर (फॅलँक्सवर) समोरून मात्र कुणालाच घालू नका.

रोमच्या लीजनांशी (चिलखती पायदळाशी) किंवा पार्थियाच्या जड घोडदळाशी गाठ असेल तर कॅटाफ्रॅक्ट घ्या. फॅलँक्सला वळसा घालायचा आणि पळणाऱ्यांचा पाठलाग करायचा असेल तर कम्पॅनियन.