कोपर बाहेर जातंय? कर्वेनगरमधल्या स्नूकर कोचिंगचा अनुभव

लांबचा पॉट (बॉल खिशात घालायचा शॉट) चुकला की आपण सगळे म्हणतो एम चुकला, पण बरेचदा एम ठीकच असतो, हात तिरका आलेला असतो. हेच सुधारायला कर्वेनगरमधल्या एका पार्लरमध्ये कोचिंग लावलं. नाव टाकत नाही, कारण खाली टेबलांबद्दल बोलणार आहे आणि सर चांगले आहेत, उगाच त्यांना ताप नको.

सर सुरुवातीला पॉट करूच देत नाहीत. व्हाईट म्हणजे पांढरा बॉल ब्राऊन बॉलच्या स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर ठेवायचा, ब्लू, पिंक, ब्लॅकच्या स्पॉटवरून सरळ समोरच्या कुशनला मारायचा आणि तो परत येऊन क्यूच्या (खेळायच्या काठीच्या) टोकावरच्या टिपलाच लागला पाहिजे, बास. ऐकायला पोरखेळ वाटतो, करून बघा! माझा बॉल सारखा एकाच बाजूला परत यायचा, म्हणजे न मागता साईड, म्हणजे बाजूची फिरकी, लागत होती. मग त्यांनी पट्टेवाला बॉल काढला, पट्टा उभा शॉटच्या रेषेत ठेवला. त्यात लपवाछपवी चालतच नाही, जरा साईड लागली की पट्टा डुगडुगतो.

नंतर मोबाईल मागे ठेवून व्हिडिओ. मागून बघताना खांदा, कोपर, मनगट आणि क्यू एका रेषेत दिसायला हवेत, आणि टिप बॉलला लागते तेव्हा कोपराखालचा हात सरळ खाली लोंबता हवा. माझं कोपर मस्त बाहेर. आता इथे कोणीही सांगेल की कोपर आत घे, यूट्यूबवर पण तेच, पण सरांनी कोपराला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "अरे आधी पाय बघ." कंबर क्यूच्या वाटेत येत होती, मग हात बाहेरून वळसा घालणारच ना. उजवा पाय शॉटच्या रेषेवर आणून पंजा जरा बाहेर वळवला, कंबर बाजूला झाली आणि कोपर निम्मंअधिक आपोआप आत आलं. पैसे इथेच वसूल झाले.

उरलेलं पकडीत होतं. मूठ आवळली की क्यू मागे नेताना मनगट फिरतं, म्हणून मागची बोटं सैल सोडायची. टिप बॉलजवळ असताना हात उभा येतो ती जागा शोधून त्यांनी क्यूवर टेपची पट्टी लावून दिली, आता रोज अंदाज घ्यायला नको. हनुवटीच्या मधोमधच क्यू हवा असा हट्ट नाही त्यांचा, हे मला आवडलं. जो डेव्हिसचा उजवा डोळा कमजोर होता, क्यू डाव्या डोळ्याखाली चालायचा आणि तो १९२७ ते १९४६ स्नूकरची वर्ल्ड चॅम्पियनशिप हरला नाही.

आता रडगाणं. दारातलं टेबल चक्क कलतं आहे, हळू मारलेला बॉल शेवटी वळतो, आणि सरळ रेषेचा सराव तुम्ही अशा टेबलावर देता? कमाल आहे. आतलंच मागा. तिथले क्यू टेबलावर लोळवून बघितले तर बरेचसे डुलतात, टिपा चपट्या झाल्यात, चॉक धरत नाहीत. बिलियर्ड्स खेळायचं असेल तर अजून वैताग. विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले, १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे वर्ल्ड ॲमेच्युअर चॅम्पियन, आणि त्याच गावात तीन बॉलचा सेट मागितला तर काउंटरवरचा पोरगा "सर, पूल का?" विचारतो.

कोचिंग टेबलभाड्यासकट तासाला सहाशे, मला महाग नाही वाटलं. नुसतं खेळायला मात्र इथे जाऊ नका, त्या पैशात यापेक्षा बरी टेबलं मिळतात. क्यू स्वतःचा न्या, आणि सकाळच्या वेळा फोनवर आधी ठरवून घ्या, संध्याकाळी कॉलेजची गर्दी असते आणि सरांचं अर्धं लक्ष बिलांवर असतं.