शिडाच्या नौकेवरची शाळा: तयार अभ्यासक्रम, स्वतः आखलेला अभ्यास की ऑनलाइन वर्ग?

नोकरीतून एक-दोन वर्षे मोकळी करून शिडाच्या नौकेवर राहायचे आणि मुलांसह अटलांटिक किंवा पॅसिफिक ओलांडायचा, असा बेत करणाऱ्या कुटुंबाला नौकेच्या लांबीइतकाच मुलांच्या शाळेचा विचार करावा लागतो. त्यासाठी तीन मार्ग आहेत: दूरशिक्षण संस्थेचा तयार अभ्यासक्रम, आईवडिलांनी स्वतः आखलेला अभ्यास आणि ठरलेल्या वेळी भरणारे ऑनलाइन वर्ग. यांपैकी कोणता घ्यावा हे शिक्षणविषयक मतांवरून ठरवण्यापेक्षा मुलाचे वय आणि परतल्यावर त्याला कोणत्या शाळेत बसायचे आहे, या दोन गोष्टींवरून ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

तुलनेआधी कायद्याकडे पाहणे आवश्यक आहे, कारण नौका कुठेही असली तरी कुटुंबाचा कायदेशीर पत्ता कोणत्या तरी जमिनीवर असतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी हा प्रश्न सोपा आहे. पन्नासही राज्यांत गृहशिक्षणाला मान्यता आहे; मात्र न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो, फ्लोरिडामध्ये मुलाच्या कामाची फाइल जपून वर्षातून एकदा मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि टेक्सासमध्ये साधी सूचनाही द्यावी लागत नाही. याउलट जर्मनीत शाळेत प्रत्यक्ष जाणेच सक्तीचे आहे. २००९ मध्ये लॉरा डेकर या तेरा वर्षांच्या डच मुलीने एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचे जाहीर केले, तेव्हा न्यायालयाने तिला बालसंरक्षण यंत्रणेच्या देखरेखीखाली ठेवले होते आणि तिच्या शिक्षणाचे काय, हाही त्या वादातला एक मुद्दा होता. देखरेख उठल्यावर ती दूरशिक्षण संस्थेत नाव नोंदवून निघाली आणि २०१२ मध्ये तिने प्रदक्षिणा पूर्ण केली.

तयार अभ्यासक्रमाची परंपरा जुनी आहे. बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेने १९०६ पासून घरी शिकणाऱ्या मुलांसाठी पाठ पाठवायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक दशके पुस्तके, वह्या आणि रोजच्या पाठांची मार्गदर्शिका असलेली तिची पेटी नौकांवरून फिरत राहिली. फ्रेंच कुटुंबे १९३९ मध्ये स्थापन झालेल्या सीएनईडी या सरकारी संस्थेकडे वळतात. या मार्गाचा खरा फायदा पालकाच्या थकव्याच्या दिवशी कळतो. रात्री दोन ते पाच पहारा करून सकाळी टेबलाशी बसलेल्या आईला आज काय शिकवायचे याचा विचार करावा लागत नाही. पान उघडायचे आणि पुढे जायचे. शिवाय परतल्यावर नव्या शाळेपुढे ठेवायला गुणपत्रक हाती असते. तोटा असा की मूल ज्वालामुखीच्या बेटासमोर बसून भलत्याच विषयावरचा निबंध पूर्ण करत असते, कारण तो अमुक तारखेला पाठवायचा असतो. मराठी वाचन-लेखनालाही या पेट्यांत जागा नसते.

स्वतः आखलेल्या अभ्यासात समुद्रच पाठ्यपुस्तक होतो, आणि तो किती समृद्ध होऊ शकतो हे एका उदाहरणावरून दाखवता येईल. कोकणातले मच्छीमार तिथीला तीनने गुणून चारने भागतात आणि भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला सुमारे तीन वाजता भरती पूर्ण होते. दहा वर्षांच्या मुलाने हा आडाखा शिकून घ्यावा, नांगर टाकलेल्या प्रत्येक खाडीत धक्क्याच्या खांबावर खडूने खुणा करून दर अर्ध्या तासाला पाण्याची पातळी वहीत लिहावी आणि आडाखा किती चुकतो ते पाहावे. प्रत्येक बंदराचा फरक वेगळा निघतो. ताहितीला पोहोचल्यावर मात्र सगळा हिशेबच कोलमडतो, कारण तिथे भरती जवळजवळ रोजच दुपारी बारा आणि रात्री बाराच्या सुमारास येते. चंद्रामुळे येणारी भरती ज्याच्याभोवती फिरते आणि जिथे तिची उंची शून्याजवळ येते, असा एक बिंदू ताहितीच्या आसपास आहे. त्यामुळे सूर्याची भरती तेवढी जाणवते. स्वतःच्या वहीतून इथवर आलेले मूल गुरुत्वाकर्षण कधी विसरणार नाही.

पण याच मार्गात अपूर्णांक आणि शुद्धलेखन हमखास मागे पडते, कारण त्यांना लाटांची मदत मिळत नाही. म्हणून बाकी सगळे मोकळे ठेवले तरी गणिताचे एक क्रमवार पुस्तक रोज चालवावेच, आणि निघण्याआधी बालभारतीची मराठी पुस्तके संगणकावर उतरवून घ्यावीत.

ऑनलाइन वर्गांबद्दल थोडक्यात सांगता येते. उपग्रहावरून इंटरनेट मिळू लागल्यामुळे ते शक्य झाले असले, तरी फ्लोरिडाचा उन्हाळ्यातला सकाळी नऊचा वर्ग पॅसिफिकमधल्या मार्केसास बेटांवर पहाटे साडेतीनला येतो आणि वीज सौर पॅनेलांवर अवलंबून असते. कॅरिबियनमध्येच राहणाऱ्या कुटुंबाला हा मार्ग चालेल; पॅसिफिक ओलांडणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

कोणताही मार्ग घेतला तरी वेळापत्रक दिवसांचे न करता आठवड्यांचे करावे. कॅनरी बेटांपासून सेंट लुशियापर्यंत सुमारे २,७०० सागरी मैल आहेत आणि त्याला अडीच-तीन आठवडे लागतात. त्यांतले पहिले काही दिवस मळमळीत जातात, तेव्हा वह्या बंदच ठेवाव्यात. सोबत्यांचाही विचार हवा. जून ते नोव्हेंबर या कॅरिबियनमधल्या चक्रीवादळांच्या काळात बऱ्याच नौका दक्षिणेला ग्रेनाडाकडे थांबतात, आणि तिथे मुलांना बरोबरीची मुले मिळतात.

माझा सल्ला असा की बारा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी स्वतः आखलेला अभ्यास घ्यावा, आणि त्यानंतर तयार अभ्यासक्रमाकडे वळावे. चौदाव्या वर्षापासून परीक्षाच मार्ग ठरवते. भारतात परतणार असाल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था सर्वांत सोयीची आहे: वयाच्या चौदाव्या वर्षी माध्यमिकला नाव घालता येते, नोंदणी पाच वर्षे चालते, वर्षातून दोनदा परीक्षा होते आणि एकेका विषयाची परीक्षा वेगवेगळी देता येते. केंब्रिजची आयजीसीएसई ही दहावीच्या तोडीची परीक्षा बाहेरून देता येते, आणि विज्ञानात प्रयोगशाळेऐवजी लेखी प्रश्नपत्रिकेचा पर्यायही असतो. मात्र परीक्षा केंद्राशी काही महिने आधी बोलावे लागते. तिची मुख्य सत्रे मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतात. नेमक्या मे-जूनमध्ये नौका पॉलिनेशियात असतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वादळे टाळण्यासाठी न्यूझीलंडच्या वाटेवर. म्हणून परीक्षेच्या वर्षी पनामा कालवा ओलांडू नये. ते वर्ष कॅरिबियनमध्ये काढावे, मे-जूनची परीक्षा द्यावी आणि पॅसिफिक पुढच्या वर्षीसाठी ठेवावा.