तीन भांडी, आठ महिने: स्टोनवेअर, राकू आणि काळा टेराकोटा मुंबईच्या हवेत

जून ते जानेवारी असे आठ महिने ही तीन भांडी दादरमधल्या एका पश्चिमेकडे खिडक्या असलेल्या खोलीत रोजच्या वापरात आहेत: २८ सेंटिमीटर उंचीची स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला घट्ट भाजलेल्या मातीची फुलदाणी, तांब्याच्या ग्लेझची (ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर) गोल राकू कुपी, म्हणजे भट्टीतून तापलेली असतानाच बाहेर काढलेली, आणि घोटून चकाकी आणलेला काळा टेराकोटा घट. तिन्ही एकाच हातची. घडवणाऱ्या बाई वर्षानुवर्षं चाकावर शिकवतात, आणि भांडं उलटं केलं की ते लगेच कळतं. तळाची कडी, म्हणजे भांडं ज्यावर टेकतं ती गोल कड, स्वच्छ तासलेली आहे, ग्लेझ कडीच्या ३ मिलिमीटर वर थांबवलंय आणि सोबतच्या चिठ्ठीवर माती कुठली, भट्टी किती अंशांपर्यंत नेली हे लिहिलंय. सिरॅमिक कलावंत ज्योत्स्ना भट्ट यांचंच उदाहरण घ्या: त्यांनी बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात १९७२ ते २००२ अशी तीस वर्षं सिरॅमिक शिकवलं आणि त्यासोबत स्वतःचं कामही चालू ठेवलं. शिकवण्यातून येणारी ही शिस्त विकत घेणाऱ्याच्या थेट उपयोगाची असते.

फुलदाणीची भट्टी १२४० अंश सेल्सिअसची. बोटाने वाजवली तर खणखणीत बोलते. काठोकाठ पाणी भरून २४ तास वर्तमानपत्रावर ठेवली, कागद कोरडाच राहिला. फुलदाणी कुणाचीही असो, चांगल्या लाकडावर ठेवण्याआधी ही चाचणी कराच. निशिगंधाच्या लांब दांड्यांनी ती डुगडुगते, म्हणून तळाशी दोन मुठी गोटे टाकावे लागतात. मान अरुंद असल्याने आत हात जात नाही. त्यासाठी अर्धी वाटी कच्चे तांदूळ, दोन चमचे व्हिनेगर आणि कोमट पाणी घालून गरगर फिरवलं की बुळबुळीत थर निघतो. उकळतं पाणी मात्र कधीच ओतू नये. ऑक्टोबरात खांद्यावर, जिथे ग्लेझ जाड साचलंय तिथे, केसासारख्या भेगा दिसल्या. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की त्यावर ताण राहतो, आणि जाड थरात तो आधी फुटतो. अंग घट्ट भाजलेलं असल्याने गळती नाही. खरी तक्रार कडीच्या खरखरीतपणाची आहे, त्याने टेबलाच्या पॉलिशवर ओरखडे पडले. वॉटरपेपर ओला करून आधी २२० नंबरचा, मग ४०० नंबरचा फिरवला आणि फेल्टच्या टिकल्या लावल्या, की काम झालं.

तिन्हींत सर्वांत देखणी आणि सर्वांत नाजूक म्हणजे राकू. साधारण १००० अंशांना लालभडक असतानाच ती चिमट्याने बाहेर काढून लाकडाच्या भुशाच्या डब्यात झाकतात. जळणारा भुसा ग्लेझमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि पृष्ठभागावर धातूच्या तांब्याचा पातळ पापुद्रा उरतो. नवी असताना कुपीवर लाल, जांभळा, सोनेरी असे रंग एकमेकांत वितळल्यासारखे होते. पण हवेत तोच पापुद्रा ऑक्सिजन परत घेतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात हे काम झपाट्याने होतं. गणपतीपर्यंत लाल रंग तपकिरी झाला, दिवाळीपर्यंत खिडकीकडच्या बाजूला हिरवट छटा आली. भिंतीकडची बाजू अजून बरीचशी तशीच आहे. चिठ्ठीत ‘पाणी घालू नये’ एवढंच होतं. रंग बदलणार हे विकतानाच सांगायला हवं होतं, कारण रंगासाठीच तर माणूस ही कुपी घेतो. आता ती काचेच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते. उघड्या हाताने धरत नाही, घामातलं मीठ डाग पाडतं. राकूचं अंग सच्छिद्र असतं, त्यामुळे ताजं फूल हवंच असेल तर आत काचेची परीक्षानळी ठेवून त्यात एकच दांडी लावावी. खाण्यापिण्यासाठी ती अजिबात नाही.

काळा घट कमी तापमानाला भाजलेला आहे आणि ते मुद्दाम केलेलं असतं, कारण भट्टी जास्त चढवली तर दगडाने घोटलेली चकाकी मरते. त्याची किंमत म्हणजे अंग पाणी पितं, आणि वाजवलं तर आवाज बद्द येतो. जुलैत तळाशी पांढरी पूड दिसली. ती बुरशी की लोणा, म्हणजे मातीतून वर आलेला क्षार, हे आधी पाहावं. ओल्या बोटाने विरघळला तर लोणा, नुसतीच पुसली गेली तर बुरशी. इथे बुरशी होती. कोरड्या ब्रशने झाडून दोन तास उन्हात ठेवला, मग मऊ फडक्याने मधमाशीचं मेण अगदी पातळ चोळलं. तेल लावू नये, ते चिकट होऊन धूळ धरतं. भिंतीपासून चार बोटं दूर, खालून हवा लागेल असा अडणीवर ठेवल्यापासून पुन्हा काही आलेलं नाही. मेणाचा हात दर तीन महिन्यांनी पुरतो.

समुद्राकडच्या घरासाठी पहिलं भांडं घेत असाल तर स्टोनवेअरच घ्या. राकू घ्यायची तर आधी बंद कपाटात जागा करा, आणि घेतल्याच दिवशी चारही बाजूंनी तिचे फोटो काढून ठेवा.